‘पुढील आदेशापर्यंत’ म्हणजे नेमके कधीपर्यंत?

प्रति,
साथीच्या काळात लॉकडाउन लावायचा आणि उठवायचा आदेश ज्यांच्या सहीने निघतो, त्या सर्वांस

विषय : पुढच्या साथीतला पहिला आदेश काढण्याआधी तो कशासाठी आणि कधीपर्यंत, हे लिहून ठेवण्याबाबत

महोदय / महोदया,

मी अतिदक्षता विभागातली परिचारिका आहे. कोविडच्या पहिल्या लाटेपासून मी ड्युटीवर होते. मी लॉकडाउनच्या विरोधात लिहायला बसलेली नाही, हे आधीच सांगते, कारण अशा पत्राच्या पहिल्या दोन ओळी वाचून लिहिणारा कुठल्या बाजूचा हे लोक ठरवून टाकतात. लॉकडाउनमुळे माझ्या वॉर्डातली माणसे वाचलेली मी पाहिली आहेत. त्याच लॉकडाउनच्या आदेशातल्या दोन शब्दांनी माझ्या आईची तपासणी सात महिने लांबलेलीही पाहिली आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वर्षात घडल्या आणि मला त्यातली एकही सोडून देता येत नाही.

आत्ताच लिहिण्याला कारण आहे. २० मे २०२५ रोजी जागतिक आरोग्य सभेने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांच्या सभेने, साथरोग करार मंजूर केला. त्यात स्पष्ट लिहिले आहे की, एखाद्या देशाला लॉकडाउन लावायला सांगण्याचा कोणताही अधिकार या करारामुळे जागतिक आरोग्य संघटनेच्या सचिवालयाला मिळत नाही. ठीकच आहे. आपल्याकडे काय बंद करायचे हे लोकांना जाब द्यावा लागणाऱ्या माणसांनीच ठरवावे, असे मलाही वाटते. पण अधिकार आमच्याकडेच राहिला पाहिजे असा आग्रह धरणाऱ्यांनी तो कसा वापरणार हेही लिहून ठेवायला नको का? २०२० मध्ये विषाणू नवा होता, घाई होती, कोणालाच फारसे काही माहीत नव्हते. तेव्हा ही सबब खरी होती. पुढच्या वेळी ती आम्ही ऐकून घेणार नाही.

आमच्या विभागात काउंटरच्या मागे एक पांढरा फळा आहे. त्यावर सकाळ-संध्याकाळ एक आकडा लिहायचा असे : रिकाम्या व्हेंटिलेटर खाटा. ते काम बहुतेक वेळा माझ्याकडे येई. हातात दोन-दोन मोजे असल्याने मार्कर नीट धरता येत नसे आणि आदला आकडा बोटानेच पुसावा लागे. तीन. एक. मग शून्य. शून्यानंतर काय लिहायचे हे कोणी ठरवलेले नव्हते. म्हणून मी शून्यापुढे कंस करून त्यात बाहेर थांबलेल्या पेशंटची संख्या लिहू लागले. एका संध्याकाळी कंसात अकरा लिहिले. एरवी व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटमागे एक सिस्टर असते. त्या दिवसांत मी पाच जणांकडे बघत होते. पेशंटला पालथे करायचे तर नळ्या सांभाळत पाच जणांनी मिळून करायचे काम ते, आम्ही तिघी करत होतो. कंसातल्या त्या अकरांपैकी काहींना वेळेवर खाट मिळाली असती तर ते चालत घरी गेले असते, असे मला आजही वाटते.

लॉकडाउन कशासाठी असतो हे मला कोणी समजावून सांगायला नको. तो त्या कंसासाठी असतो.

आदेश निघाला त्या दिवशी फळ्यावर काहीही बदलले नाही. दुसऱ्या आठवड्यात तर कंसातला आकडा वाढला. बाहेर लोक म्हणू लागले, सगळे बंद करून काय मिळाले? त्यांचा दोष नव्हता, त्यांना कोणी सांगितलेलेच नव्हते. लागण झाल्यावर लक्षणे दिसायला साधारण पाच दिवस जातात. त्यातल्या काहींची प्रकृती ढासळून ते आमच्यापर्यंत यायला आणखी आठवडा-दहा दिवस. म्हणजे आज आमच्या दारात आलेला पेशंट हा दोन आठवड्यांपूर्वीच्या गर्दीतून आलेला असतो. तिसऱ्या आठवड्यात कंसातली संख्या उतरली, मग कंसच गेला, आणि एके सकाळी मी ‘चार’ लिहिले. शेजारी उभी असलेली आमची सर्वांत ज्येष्ठ सिस्टर त्या चारकडे बघत कितीतरी वेळ तशीच उभी होती.

रुग्ण दर तीन दिवसांनी दुप्पट होत असतील, तर १०० चे ३० दिवसांत १ लाख २ हजार ४०० होतात. या वेगापुढे कोणतेही रुग्णालय टिकत नाही. म्हणून माणसांच्या भेटीगाठी काही काळ थांबवायच्या. त्याने विषाणू मरत नाही, त्याचा वेग मोडतो आणि आपल्याला उसंत मिळते. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात अमेरिकेतल्या दोन शहरांत हेच दिसले होते. फिलाडेल्फियात २८ सप्टेंबरला मोठी मिरवणूक निघाली आणि शहर बंद व्हायला ऑक्टोबर उजाडला. सेंट लुईसने पहिले रुग्ण दिसताच थोड्या दिवसांत शाळा, थिएटरे, सभा बंद केल्या. सर्वांत वाईट आठवड्यातला मृत्युदर फिलाडेल्फियात सेंट लुईसच्या सुमारे आठपट होता. पण त्याच सेंट लुईसने नोव्हेंबरच्या मध्यात निर्बंध उठवले तेव्हा साथ पुन्हा उसळली आणि पुन्हा कुलपे लावावी लागली. बंद कधी करायचे याइतकाच उघडायचे कधी हा प्रश्नही शंभर वर्षांपूर्वीचा आहे. तो तुमच्यासमोर पहिल्यांदा आलेला नाही.

आता आईचे सांगते. त्याच सुमाराला तिच्या हाताला छातीत गाठ लागली. मॅमोग्राफीची तारीख मिळाली होती. आदल्या दिवशी फोन आला, की तातडीच्या नसलेल्या सगळ्या तपासण्या पुढील आदेशापर्यंत बंद. तिने तारखेची चिठ्ठी फेकली नाही. तारखेवर एक रेघ मारली आणि वर पेन्सिलने लिहिले, ‘पुढील आदेश’. पेन्सिलने, कारण तारीख कळली की खोडून लिहिता येईल. दर सोमवारी ती मला विचारायची, निघाला का गं आदेश? मी त्याच यंत्रणेत नोकरी करत होते, रोज त्याच दारातून आत जात होते, तरी मला तिला उत्तर देता येत नव्हते, कारण माझ्या वरच्यांकडेही ते नव्हते. सात महिन्यांनी तपासणी झाली तेव्हा आजार काखेतल्या गाठींपर्यंत गेला होता. पुढच्या वर्षी ती गेली. उशीर झाला म्हणूनच गेली असे मी म्हणणार नाही. तसे छातीठोकपणे कोणालाच सांगता येणार नाही. पण आमच्या फळ्यावर रिकाम्या खाटा दिसू लागल्यानंतरही तिच्या तपासणीचा विभाग कित्येक महिने कुलूपबंद होता आणि कोणती स्थिती आली की तो उघडेल, हे एकाही कागदावर नव्हते. हे मात्र मी छातीठोकपणे सांगू शकते.

माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार हीच आहे. लॉकडाउनचा हेतू तुम्ही एकदा सांगितलात आणि मग न सांगता बदलत राहिलात. सुरुवातीला आम्हाला सांगितले गेले की रुग्णालये कोलमडू नयेत म्हणून थोडे दिवस घरी बसा. खाटा रिकाम्या झाल्या, तरी बंद उठला नाही. मग ऐकू आले की रुग्णसंख्या आणखी खाली यायला हवी. किती खाली? मग लस येईपर्यंत थांबा, असे. यातला प्रत्येक हेतू आपापल्या जागी योग्य असू शकतो. पण प्रत्येकाचा शेवट निराळा असतो. रुग्णालये सांभाळायची असतील तर खाटा आणि माणसे पुरू लागली की उघडायचे. साथ मुळातूनच संपवायची असेल तर आपल्या हद्दीत एकही नवा रुग्ण नाही असे होईपर्यंत थांबायचे आणि त्यानंतर सीमेवर पहारा ठेवायचा. लसीसाठी थांबायचे असेल तर ज्यांना सर्वाधिक धोका आहे त्या वयस्कांना लस टोचून झाली की थांबायचे कारण उरत नाही. हेतू ठरला की दार कधी उघडायचे तेही ठरते. हेतू धूसर ठेवला की ‘पुढील आदेश’ तेवढा हातात राहतो.

हे ज्यांनी नीट केले तेही जगाने पाहिले आहे. न्यूझीलंडने २१ मार्च २०२० रोजी चार पातळ्यांचा तक्ता जाहीर केला, कोणत्या पातळीला काय चालू आणि काय बंद ते लोकांना आधी कळले, आणि कडकडीत बंद त्यानंतर चार दिवसांनी लागला. जर्मनीने मे २०२० मध्ये आकडाच सांगितला : एखाद्या जिल्ह्यात सात दिवसांत दर लाख लोकसंख्येमागे ५० पेक्षा जास्त नवे रुग्ण सापडले तर तिथे पुन्हा निर्बंध. मेलबर्नने वेगवेगळ्या वेळचे मिळून २६२ दिवस लॉकडाउन सोसला, जगातल्या सर्वांत लांबलेल्यांपैकी एक. पण ऑक्टोबर २०२१ मध्ये तो उठला तो आधी सांगितलेल्या अटीवर, १६ वर्षांवरच्या ७० टक्के लोकांच्या दोन्ही मात्रा पूर्ण झाल्यावर. त्या दिवसांबद्दल तिथल्या लोकांचा राग असेलही. तरी आपण कुठल्या आकड्याची वाट बघतोय एवढे त्यांना माहीत होते. माझ्या आईला ते माहीत नव्हते. उलट २०२२ मध्ये शांघायमध्ये शहराच्या दोन भागांना आळीपाळीने चार-चार दिवसांचा बंद सांगितला होता. तो संपायला १ जून उजाडला.

दुसरी तक्रार, मिळालेल्या उसंतीचे काय केलेत याचा हिशेब तुम्ही दिला नाही. लोकांनी घरी बसून जे दिवस मिळवून दिले ते चाचण्या वाढवायला, रुग्णाच्या संपर्कातल्यांना शोधायला, ऑक्सिजनची सोय करायला आणि माणसे तयार करायला होते. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२० मध्येच सहा अटी सांगितल्या होत्या. संसर्ग आटोक्यात असावा. प्रत्येक रुग्ण शोधून, तपासून, वेगळा ठेवून त्याच्या संपर्कातली माणसे शोधण्याची क्षमता असावी. रुग्णालये आणि वृद्धाश्रमांसारख्या ठिकाणचा धोका कमी केलेला असावा. शाळा आणि कामाच्या जागी खबरदारीची व्यवस्था असावी. बाहेरून येणारी लागण हाताळता यावी. आणि लोकांना सगळे समजावून सांगून सोबत घेतलेले असावे. बघा, सहापैकी पाच गोष्टी यंत्रणेने करायच्या आहेत. लॉकडाउन लांबला की दोष मात्र रस्त्यावर फिरणाऱ्यांना दिला गेला. आमच्याकडे त्या काळात खाटा वाढल्या, यंत्रे खोक्यांतून आली, हात तेवढेच राहिले. नव्या व्हेंटिलेटरचे प्लास्टिकही न काढलेले मी पाहिले आहे, कारण तो चालवायला कोणी नव्हते. उसंत वाया जाण्याचे सर्वांत मोठे उदाहरण चीनचे. तिथे जवळपास तीन वर्षे कडक निर्बंध होते, आणि डिसेंबर २०२२ मध्ये ते एकदम उठले तेव्हा ८० वर्षांवरच्यांपैकी बूस्टर घेतलेले सुमारे ४० टक्केच होते.

उघडण्याच्या क्रमाबद्दलही बोलले पाहिजे. संसर्ग उतरणीला लागला तरी सवलतीची शिल्लक मोजकी असते. सगळे एका दिवशी उघडले तर ती एका दिवशी संपते. म्हणून आधी काय उघडायचे हा खरा निर्णय असतो आणि तो कोणाच्या रेट्याने झाला हे लोकांना कळत असते. लहान मुलांना रेटा लावता येत नाही. शाळा बंद राहण्याचा कळस झाला तेव्हा जगातली सुमारे १६० कोटी मुले-मुली वर्गाबाहेर होती. मार्च २०२१ मध्ये युनिसेफने सांगितले, की १६ कोटी ८० लाखांहून अधिक मुलांच्या शाळा जवळजवळ वर्षभर पूर्ण बंद आहेत. युगांडात शाळा पूर्णपणे किंवा अंशतः बंद राहिल्या त्या जानेवारी २०२२ पर्यंत. डेन्मार्कने मात्र १५ एप्रिल २०२० पासून सर्वांत लहान मुलांचे वर्ग आधी सुरू केले. इंग्लंडने फेब्रुवारी २०२१ मध्ये उघडण्याचे टप्पे जाहीर केले त्यातही पहिला मान शाळांना होता. म्हणजे हे करता येत होते. बागा आणि मोकळी मैदाने बंद ठेवण्याचे कारण मला अजूनही समजलेले नाही. हवेतून पसरणाऱ्या आजारात मोकळी हवा सर्वांत सुरक्षित, आणि लोकांना आम्ही तिथूनच हाकलले.

ज्यांचे पोट रोजच्या कमाईवर आहे त्यांच्याबद्दल माझ्यापेक्षा अधिकाराने बोलणारे पुष्कळ आहेत. एवढेच म्हणते की, भारतात २४ मार्च २०२० रोजी रात्री ८ वाजता घोषणा झाली आणि मध्यरात्री अंमल सुरू झाला. चार तासांत कोणी घर कसे गाठावे? त्यानंतर शेकडो मैल चालत निघालेली माणसे साऱ्या जगाने पाहिली. घरी बसण्याचा खर्च ज्यांना झेपत नाही त्यांच्याकडून तो सक्तीने घ्यायचा असेल तर भरपाई आदेशाबरोबरच निघायला हवी.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

१. लॉकडाउनच्या प्रत्येक आदेशाच्या पहिल्याच परिच्छेदात त्याचा हेतू एका वाक्यात लिहा. हेतू बदलला तर नवा आदेश काढा आणि बदल का झाला ते सांगा.

२. उघडण्याची अट आकड्यांत लिहा : रिकाम्या अतिदक्षता खाटा, त्या खाटांसाठी प्रत्यक्ष हजर असलेल्या परिचारिका, चाचण्यांपैकी किती बाधित, नव्या रुग्णांचा कल. हे आकडे रोज सर्वांना दिसतील असे लावा. आमचा फळा भिंतीच्या आत होता, तो बाहेर आणा. आकडा कमी-जास्त कसा ठरवला यावर तज्ज्ञांचे मतभेद होतील, होऊ देत. लोकांसमोर होऊ देत.

३. दोन टप्प्यांत किमान तीन-चार आठवडे जाऊ द्या. आजची सवलत आमच्या दारात पोचायला दोन-तीन आठवडे लागतात; त्याआधी पुढचे दार उघडणे म्हणजे डोळे मिटून चालणे. इंग्लंडच्या त्या वेळापत्रकात प्रत्येक टप्प्यामध्ये किमान पाच आठवडे होते, चार आकडे कळायला आणि एक लोकांना तयारीला. शेवटचा टप्पा २१ जूनला यायचा होता. आकडे अनुकूल नव्हते म्हणून तो १९ जुलैवर नेला आणि कारण सांगितले. तारीख पुढे ढकलल्याचा लोकांना राग येतो, पण कारण कळले तर ते सोसतात.

४. पुन्हा बंद करण्याची अटही त्याच कागदावर असू द्या.

५. शाळा सर्वांत शेवटी बंद आणि सर्वांत आधी सुरू, हा क्रम लेखी ठेवा. एखाद्या आजाराचा मुलांनाच सर्वाधिक धोका असेल तर तो बदलावा लागेल, तेव्हा कारणासह बदला.

६. कर्करोगाच्या तपासण्या, डायलिसिस, बाळंतपण, लहान मुलांचे लसीकरण ही कामे ‘तातडीची नाहीत’ या रकान्यात टाकू नका. त्यांच्यासाठी वेगळी इमारत, वेगळे कर्मचारी आजच ठरवून ठेवा. साथ आल्यावर हे जमत नाही, मी ते आतून पाहिले आहे.

७. कोणताही आदेश १४ दिवसांनी आपोआप संपावा. पुढे चालू ठेवायचा तर तुम्हीच लोकांसमोर येऊन, गेल्या १४ दिवसांत काय केले याचा हिशेब द्यावा आणि मगच नवी सही करावी.

यातली एकही गोष्ट करायला साथ यायची वाट बघावी लागत नाही. मसुदा आज तयार होऊ शकतो, त्यावर सभागृहात चर्चा होऊ शकते, डॉक्टर, शिक्षक, मजूर संघटना आणि आमच्यासारख्या वॉर्डातल्या माणसांना बोलावून तो तपासता येतो. पुढच्या वेळी लॉकडाउन लागलाच तर मी ड्युटीवर असेन आणि लोकांना घरी बसा म्हणून हात जोडून सांगेनही. पण तेव्हा कोणाच्या घरात कोणी चिठ्ठी घेऊन ‘कधीपर्यंत’ असे विचारले, तर दाखवायला माझ्याकडे तुमच्या सहीचा कागद हवा. तो तुमच्याकडे तयार आहे का, असेल तर तो जाहीर का केलेला नाही, आणि नसेल तर कधी करणार, याचे लेखी आणि जाहीर उत्तर मला हवे आहे.

आपली,
अतिदक्षता विभागातली एक परिचारिका